आवाज होता, चित्र नव्हतं

“ऐका आता,” असं म्हणून पद्मजावहिनींनी बटण दाबलं, आणि लॅपटॉपच्या काळ्याकुट्ट पडद्यातून आण्णा बोलायला लागले.

“...हां, तर आता हा काठ घ्यायचा. हितं बघ, ह्या कोयरीच्या पोटात. हितं धागा मोकळा सुटलाय. असाच सोडलास तर बाईच्या बांगडीत अडकणार आणि सगळा काठ ओढून आणणार. म्हणून हितं एक ठिपका, हितं एक, आणि जरा सरकून हितं. दिसतंय काय?”

काही दिसत नव्हतं. पडदा काळा होता आणि खाली कोपऱ्यात वेळेचे आकडे तेवढे पुढं सरकत होते. आण्णांच्या आवाजामागं आमच्या खालच्या यंत्रमागांची खडखड ऐकू येत होती.

“सगळं असंच आहे?” मी विचारलं.

“सगळं. परवा अख्खी सकाळ बोललेत. मी मध्ये पुढं ढकलून बघितलं, शेवटाला जाऊन बघितलं. नुसतं काळं.” वहिनींनी बटण दाबून आण्णांना थांबवलं. “मोबाइलवर एक व्हिडिओ बघून मी हे रेकॉर्डिंगचं टाकून घेतलं होतं. वर लाल टिंब लुकलुकत होतं, ताई. मला वाटलं चाललंय.”

मी नुकतीच पुण्याहून आले होते. बॅग अजून दारातच होती. वहिनींनी मला पाणी दिलं आणि माझा ग्लास रिकामा व्हायच्या आत लॅपटॉप समोर ठेवला. त्यांचे डोळे सुजलेले होते.

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, स्वरयंत्रात गाठ निघाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आईनं मला हे फोनवर सांगितलं, ते उद्या नळाला पाणी येणार नाही असं सांगावं तसं. मी “बरं” म्हणाले. मग हातातलं काम संपवलं, रजा टाकली, बसचं तिकीट काढलं आणि बसमध्ये गाढ झोपले. मला वाटलं होतं, कराडच्या पुढं कुठंतरी रडू येईल. इचलकरंजीच्या स्टँडवर उतरले तेव्हा मला फक्त भूक लागली होती.

आमच्या घराच्या खाली माग होते, ते दादा बघायचा. आण्णांचं नाव होतं ते डिझाइनसाठी. साडीचा काठ, पदर, अंगावरची बुट्टी. आधी ते आलेखाच्या कागदावर एकेक चौकट रंगवायचे. संगणक आला तेव्हा गावातल्या त्यांच्या वयाच्या लोकांनी हात जोडले, पण आण्णा कोल्हापूरला जाऊन शिकून आले. पडद्यावरची एक चौकट म्हणजे कापडातला एक धागा, तिथं ठिपका दिला की तो बांधला, एवढं कळलं की बाकी सगळं जुनंच आहे, असं म्हणायचे. दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरी आल्या. त्यांचा हात चित्रकलेचा. त्या आण्णांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागल्या, आणि हळूहळू निम्मं काम त्यांच्याकडं आलं.

“चित्र काय, मी काढते,” वहिनी म्हणाल्या. “पण धागा कुठं बांधायचा न् कुठं सोडायचा, ते अजून मला विचारायला लागतंय. रोज विचारायला लागतंय. म्हणून म्हटलं, आवाज आहे तोवर सगळं एकदा पडद्यावर करून दाखवतील, बोलतील, आणि मी ते ठेवीन. आण्णाच म्हणाले, चांगली युक्ती आहे.” त्यांनी काळ्या पडद्याकडं बघितलं. “आता हितं एक ठिपका न् हितं एक म्हणजे कुठं, ते कुणाला कळणार?”

“मग परत करू,” मी म्हणाले. “ऑपरेशन परवा आहे ना?”

वहिनींनी आतल्या खोलीकडं बघितलं.

मी आत गेले. आण्णा पलंगावर तीन उशांना टेकून बसले होते. श्वास घेताना घशातून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. मला बघून ते हसले आणि बोलायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी स्वतःच हात हलवला, राहू दे म्हणून, आणि बोटं तोंडाशी नेऊन खूण केली. जेवलीस काय?

“जेवते,” मी म्हणाले. “प्रवास चांगला झाला.”

त्यांनी मान डोलावली.

आई स्वयंपाकघरात डबे रिकामे करून घासत होती. “परवा लई बोलले,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “सकाळभर. दुपारी घसा धरला तो धरलाच. डॉक्टरांना फोन लावला तर म्हणाले, आता एक शब्द बोलू देऊ नका, सूज वाढली तर श्वास अडकेल. पोटाला काहीतरी खा. पोहे आहेत.”

“आई, तू झोपलीस का काल?”

“झोपले की.”

तिनं घासून पालथा घातलेला एक डबा परत उचलला आणि परत घासायला घेतला.

मी पोहे खाल्ले आणि लॅपटॉप घेऊन बसले. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि हे सुचत होतं. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी कुठं बिघडतात ते शोधायचं. बिघाड सापडला की मला बरं वाटतं. त्या दिवशी तेवढंच बरं वाटण्यासारखं घरात होतं.

“आधी लॅपटॉप बंद करून चालू केला होता?” मी वहिनींना विचारलं.

“केला. तीनदा.”

मी रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम काढून टाकला आणि नवीन घातला. थोडं टिपून बघितलं. काळं. त्याला सगळे अधिकार देऊन चालवला. काळं. डिझाइनचा प्रोग्रॅम पडदाभर पसरलेला असायचा, तो छोट्या चौकटीत आणून बघितला. काळंच, पण काळ्यावर माऊसचा पांढरा बाण मात्र फिरताना दिसायला लागला. वहिनींना तेवढ्यानंही आशा वाटली.

“बाण आला, ताई!”

“बाण आला. पण तो कशावरून फिरतोय, ते येत नाही.”

दर वेळी टिपलेलं तपासताना मी आवाज बंद ठेवत होते. मला चित्र हवं होतं. आवाज व्यवस्थित होता, त्याचा प्रश्नच नव्हता.

आई चहा घेऊन आली आणि पाठीमागं उभी राहिली.

“ते काळं जाईल काय?”

“जाईल. कारण सापडलं की जाईल.”

“आणि परवा जे बोललेत, त्याच्यावर चित्र येईल?”

“नाही आई. जे टिपलंच गेलं नाही, ते मागून नाही येत.”

“बरं,” म्हणून ती गेली. कप तिनं इतक्या हळू ठेवला होता की मला तो नंतर कोपर लागल्यावर कळला.

कारण सापडलं ते संध्याकाळी, आणि अगदी साधं निघालं. त्या लॅपटॉपमध्ये चित्र रंगवणारे दोन भाग होते. एक साधा, कमी वीज खाणारा, आणि दुसरा दमदार, जड कामासाठीचा. समोरचा पडदा चालवत होता साधा. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम मात्र लॅपटॉपनं परस्पर दमदाराकडं नेऊन बांधला होता, आणि त्याच्याकडं पडद्यावरचं काहीच पोचत नव्हतं. म्हणून तो बिचारा इमानदारीनं काळं टिपत बसला होता. मी सेटिंग्जमध्ये गेले. डिस्प्ले, त्याच्यात खाली ग्राफिक्स. यादीत तो प्रोग्रॅम घातला, त्याच्यापुढं ‘कमी वीज’ निवडलं, आणि सगळं बंद करून परत चालू केलं.

“आता काहीतरी करा,” मी वहिनींना म्हणाले.

त्यांनी एक कोयरी उघडली आणि तिच्या देठावर चार ठिपके दिले. मी थांबवलं, फाइल उघडली. हिरवी कोयरी आली. तिच्या देठावर एक, दोन, तीन, चार ठिपके आले.

वहिनींनी टाळी वाजवली आणि दुसऱ्या क्षणी पदर तोंडाला लावला. मला काही वाटलं नाही. म्हणजे झालं, एवढंच वाटलं.

आता दाखवायला आण्णा होते, चित्र होतं, फक्त बोलायला आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरजेला जाऊन दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. दादानं त्या दिवशी माग बंद ठेवले होते. आमच्या घरात माग बंद असले की कान दुखल्यासारखं होतं. सकाळी आण्णा उठून बाहेर आले, वहिनींच्या खुर्चीपाशी उभे राहिले आणि मी दाखवलेली चार ठिपक्यांची कोयरी त्यांनी बघितली. मग माझ्याकडं वळून बोट फिरवलं. चालू कर.

“आण्णा, बोलायचं नाहीये.”

आई आतून बाहेर आली. “एक शब्द बोलायचा न्हाई म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. काय राहिलंय तेवढं राहू दे. पद्मजा बघेल तिचं ती.”

“राहू द्या आण्णा,” वहिनी म्हणाल्या. “मी चुकतमाकत करीन.”

आण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी आधी वहिनींच्या मोबाइलकडं बोट केलं, मग माझ्या ऑफिसच्या मोठ्या हेडफोनकडं, मग स्वतःच्या कानाकडं. आणि शेवटी उजवा हात पुढं करून माऊस धरल्यासारखा हलवला.

मला आधी समजलं नाही. वहिनींना समजलं.

“परवाचं ऐकत ऐकत करणार म्हणतायत.”

आण्णांनी जोरात मान हलवली.

परवाची फाइल मी वहिनींच्या मोबाइलवर घेतली आणि हेडफोन त्याला जोडले. आण्णांनी ते कानावर चढवले. मी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू केलं. लाल टिंब लुकलुकायला लागलं. वहिनींनी मोबाइलवरचं बटण दाबलं.

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. आण्णा खुर्चीत पुढं वाकून बसले होते आणि स्वतःचं ऐकत होते. आधी थोडा वेळ ते नुसते ऐकत राहिले. मग त्यांनी काठ उघडला. माऊस कोयरीच्या पोटात गेला. तिथं थांबला, गोल फिरला, म्हणजे बहुधा आण्णा कानात सांगत होते, हितं बघ. मग एक ठिपका. एक ठिपका. थोडं सरकून तिसरा.

कधी ते मान डोलवायचे. कधी, स्वतःचंच बोलणं जरा लांबल्यावर, पुढं चल की, अशी बोटं हलवायचे. एकदा मात्र त्यांनी मान जोरात आडवी हलवली, जीभ चावली, आणि तीन ठिपके पुसून दुसरीकडं दिले.

“परवा चुकीचं सांगितलं होतं काय आण्णा?” वहिनींनी वाकून विचारलं.

आण्णांनी हसून कान धरला.

वहिनी हसल्या. दोन दिवसांत त्या घरात कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी मात्र लाल टिंबाकडंच बघत होते. मधूनमधून दुसऱ्या बाजूला फाइलचा आकार वाढतोय की नाही ते बघत होते. वाढत होता.

पदराचं अर्धं काम झालं आणि माऊस थांबला.

मला वाटलं, परत काही अडलं. मी वाकून बघितलं. चित्र स्वच्छ होतं. बाण पदराच्या मधोमध उभा होता आणि आण्णांचा हात त्याच्यावर तसाच होता.

“आण्णा, काय झालं? आवाज बंद पडला?”

त्यांनी माझ्यासमोर तळहात धरला. थांब. ते ऐकत होते. श्वासाची शीळ जरा जोरात यायला लागली होती. वहिनी उठून उभ्या राहिल्या. “हितं काय आहे?” त्या मला म्हणाल्या. मग त्यांनाच आठवलं. “हां. मी खाली गेले होते तेव्हा. ह्यांनी हाक मारली म्हणून मी खाली मागावर गेले. रेकॉर्डिंग तसंच चालू होतं. मी आले तेव्हा आण्णा गप्प बसले होते.”

आण्णांनी मोबाइल हातात घेतला आणि बोटानं ते बोलणं थोडं मागं नेलं. हेडफोन काढले. मग दोन टाळ्या वाजवल्या.

आई मागच्या दारानं आली. हात ओले होते, कपडे धूत होती. “काय? पाणी पाहिजे?”

आण्णांनी मान हलवली. उठून तिला आपल्या खुर्चीत बसवलं.

“अहो, हे काय? मला काय कळतंय त्यातलं? धुणं भिजत पडलंय माझं.”

त्यांनी हेडफोन तिच्या डोक्यावर घातले. अंबाड्यात अडकत होते, ते त्यांनी नीट केले. मग मोबाइलवरचं बटण दाबलं.

आई समोरच्या पडद्याकडं बघत राहिली. “माग लई वाजायल्यात ह्याच्यात,” ती म्हणाली. कान झाकलेले असल्यामुळं तिला स्वतःचा आवाज कळत नव्हता. ती फारच मोठ्यानं बोलत होती.

मग मांडीवरचा ओला हात तिनं मुठीत आवळला.

“ओ,” ती म्हणाली.

वहिनी दचकल्या. आण्णा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. ते आईकडं बघत नव्हते, पडद्यावरच्या पदराकडं बघत होते.

“ओ,” आई परत म्हणाली.

काही वेळ गेला.

“ओ. अहो, ओ दिली की. काय म्हणताय?”

मग बराच वेळ काही नाही. शेवटी आई म्हणाली, “बरं.”

तिनं हेडफोन काढले, पदरानं पुसले, कारण तिच्या हातानं ते ओले झाले होते, आणि टेबलावर ठेवले. आण्णांकडं न बघता ती उठली. “धुणं राहिलंय,” असं म्हणून मागच्या दारानं गेली. थोड्या वेळानं आपटण्याचा आवाज यायला लागला.

“काय होतं आण्णा?” वहिनींनी विचारलं.

त्यांनी हात झटकला. काही नाही. परत हेडफोन घातले, खुर्चीत बसले, आणि पदरावरचा बाण हलला. दुपारपर्यंत त्यांनी सगळं पुरं केलं. संध्याकाळी दादानं गाडी काढली आणि आम्ही मिरजेला गेलो.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकं होती. आई भिंतीकडंच्या टोकाला, पिशवी मांडीवर धरून बसली होती. दादा औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खालीवर करत होता. वहिनी घरी होत्या. मी लॅपटॉप बरोबर आणला होता. आण्णांचा आधीचा आवाज आणि कालचं चित्र, दोन्ही जोडून एक फाइल करायची होती. वहिनींना ती लवकर लागणार होती. आणि बाकावर नुसतं बसून राहायचं मला धाडस नव्हतं, असं आज वाटतं. तेव्हा असं काही वाटत नव्हतं. तेव्हा फक्त काम होतं.

काम सोपं होतं. वर चित्राची पट्टी, खाली आवाजाची पट्टी, दोन्हींची सुरुवात जुळवायची. पहिला ठिपका आणि “हितं एक ठिपका” हे शब्द एकमेकांवर आले, तशी पुढची सगळी सांगड आपोआप बसत गेली. कालच्या रेकॉर्डिंगला आवाजाची अजून एक पट्टी होती, कारण लॅपटॉपचा माइक चालूच राहिला होता. त्यात खोलीतली शांतता, खुर्चीची कुरकुर, वहिनींचं हसू, एवढंच होतं. ती नंतर काढून टाकायची असं मी ठरवलं होतं.

पदरापाशी आल्यावर मात्र सांगड सुटली. तिथं आण्णांनी मोबाइल मागं नेला होता, त्यामुळं पुढचं सगळं सरकलं होतं. परत जुळवायचं तर तो भाग नीट ऐकणं भाग होतं. मी हेडफोन घातले.

आधी मागांची खडखड. मग वहिनींचा आवाज, “आले हं आण्णा,” आणि पायऱ्यांवरून उतरण्याचा आवाज. मग बराच वेळ नुसते माग. खुर्ची कुरकुरली. आण्णांनी घसा खाकरला.

“सुलोचना.”

मला क्षणभर कळेना, हे कुणाला बोलवतायत. आवाजही वेगळा होता. आण्णांना मागांच्या वरून बोलायची सवय, त्यांचं साधं बोलणंही खणखणीत असायचं. हे अगदी हळू होतं. स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा पोचलं नसतं.

सुलोचना म्हणजे आई. हे नाव मी तिच्या मतदान कार्डावर वाचलं होतं. आण्णांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. ते तिला ‘अगं’ म्हणायचे, आणि चार माणसांत माझ्या नावानं, ‘संयूची आई’.

“सुलोचना.”

परत माग. मग जरा थांबून, “सुलोचना, ऐकतेस काय?”

मी आवाजाची पट्टी मागंपुढं सरकवत होते. काढून टाकायची ती दुसरी पट्टी अजून खाली होतीच. मी ती बंद केली नव्हती. सरकवता सरकवता एका ठिकाणी दोन्ही पट्ट्या एकमेकींत बसल्या.

“सुलोचना.”

“ओ.”

“सुलोचना.”

“ओ.”

“सुलोचना, ऐकतेस काय?”

“ओ. अहो, ओ दिली की. काय म्हणताय?”

मग माग वाजत राहिले. आण्णांनी एक मोठा श्वास घेतला.

“काही नाही. हाक मारून ठेवली, म्हटलं.”

“बरं.”

मी हेडफोन काढले. आई बाकावर तशीच बसली होती. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, “झालं काय तुझं काम?”

“व्हायला आलंय.”

“मी बोललेलं उतरलंय काय त्याच्यात?”

“हो.”

तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले आणि सोडले. “पद्मजाला शिकायचंय त्याच्यावर. मध्येच ते कशाला? काढता येत असंल तर काढ.”

“काढता येतं.”

“मग काढ.”

मी तो भाग निवडला. कात्रीच्या चित्रावर बाण नेला. आणि तिथंच दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले. आम्ही दोघी उभ्या राहिलो. दादा जिन्यातून धावत आला.

“व्यवस्थित झालं,” डॉक्टर म्हणाले. “गाठ पूर्ण निघाली. आता श्वास गळ्याच्या छिद्रातून घेतील. घाबरू नका बघून.”

“बोलणार न्हाईत ना आता?” आईनं विचारलं. तिला माहीत होतं. तरी विचारलं.

“नाही.”

“बरं,” आई म्हणाली आणि खाली बसली. दादा भिंतीकडं तोंड करून रडला. मी लॅपटॉप परत मांडीवर घेतला. तो भाग अजून निवडलेला होता. मी दुसरीकडं बाण नेऊन निवड सोडून दिली आणि फाइल जतन करायला लावली. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडं भरायला लागली. मोठी फाइल होती. पट्टी फार हळू सरकत होती. मी ती भरेपर्यंत तिच्याकडं बघत बसले.

आण्णा त्यानंतर बरीच वर्षं राहिले. गळ्यावर पांढरं पातळ कापड बांधून रोज वहिनींच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि चुकलं की टेबलावर बोटानं ठकठक करायचे. हळूहळू ठकठक कमी झाली. वहिनींनी ती फाइल शंभरदा तरी बघितली असेल. आता त्या दुसऱ्या बायकांना शिकवतात, तेव्हा तीच लावतात. पदरापाशी आवाज थांबतो, बाण उभा राहतो, आणि मग ते येतं. नव्या बायका एकमेकींकडं बघतात, कुणी हसते. वहिनी पुढं ढकलत नाहीत. “होईल सुरू,” एवढंच म्हणतात.

त्यांनी मला कधी विचारलं नाही की तुम्ही ते का ठेवलंत. मलाही नीट सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षी आण्णा गेले. दहाव्यानंतर मी पुण्याला निघाले, त्या दिवशी आई अंगणात पायरीवर बसून लसूण सोलत होती. मी तिचा फोन हातात घेतला.

“आई, ते आण्णांचं, हाका मारलेलं. तेवढाच तुकडा काढून तुझ्या फोनवर घालून देते. तुला पाहिजे तेव्हा ऐकता येईल.”

“मला?”

“हो. हितं नुसतं बोट लावायचं, की लागतं.”

आईनं लसणाची साल फुंकली. फोन माझ्या हातातून घेतला, पदराला पुसला आणि बाजूला ठेवला.

“कशाला?” ती म्हणाली. “मी तेव्हाच ओ दिली की.”